वेगळा पेला

१

रामकिसन मोकाशे आपल्या बायकोला छावणीत घेऊन आला तेव्हा टांगेवाल्यानं तिच्यासाठी मागच्या बैठकीवर गोणपाट अंथरलं होतं. ती उतरल्यावर त्यानं ते गोणपाट चाबकाच्या दांडीनं उचललं आणि सगळ्या बाजारादेखत नाल्यात टाकून दिलं. सरू रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभी होती. तिचं वय विशीच्या आसपास असेल.

डॉक्टर वैजनाथ पैठणकरांनी हे दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. दया त्यांना येत नसे असं नाही, पण ती मागून यायची. आधी यायची उत्सुकता. पोलिस ॲक्शन होऊन दहाबारा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात औरंगाबादेत त्यांचं नाव औषधापेक्षा डोक्यासाठीच जास्त झालं होतं. लष्कराच्या भटारखान्यातलं तूप कोण पळवतं, हे त्यांनी एका शिपायाच्या मिशा हुंगून सांगितलं होतं. ती गोष्ट ते अजून प्रत्येक रोग्याला ऐकवत, रोगी कण्हत असला तरी.

रामकिसन धरणाच्या कामावर ओव्हरसियर होता. स्वच्छ लेंगा, वर कोट, बोलणं मऊ. आत येण्याआधी त्यानं हातातली विडी अदबीनं उंबऱ्यावर विझवली.

"डॉक्टरसाहेब, घरचे म्हणतात हिला महारोग झालाय," तो म्हणाला. "आईला तुमच्या सहीचा कागद पाहिजे, फारकतीसाठी. मला कागद नको. मला माझी बायको पाहिजे. खरं काय असंल ते तुम्ही शोधून काढा."

असा नवरा डॉक्टरांनी या गावात पाहिला नव्हता. त्यांनी त्याला खुर्ची दिली, आणि सरू उभीच राहिली.

डाग तीन होते. एक ओठाच्या कोपऱ्यावर, एक डाव्या पंजाच्या पाठीवर, एक गळ्याखाली. गोल, जांभळट, कडेला लाल, आणि पंजावरच्या डागावर तर पाण्याचा फोड आला होता. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि कोंबडीचं पीस डागावरून फिरवलं.

"कुठं लागलं?"

"हितं," सरूनं बरोबर बोट ठेवलं. दर वेळी बरोबर. टाचणी टोचली तेव्हा तिनं "आई गं" केलं आणि डॉक्टर खुशीनं हसले. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, टाचणी तर नाहीच नाही.

"हे डाग जातात का मधे?"

"काळे पडून ऱ्हातात. मंग पुन्हा पेटतात. लई आग हुती."

"पुन्हा पेटतात ते नव्या जागी?"

"नाय. ह्याच तीन जागी."

तपासताना तिची बाही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला बारीक गोल व्रण होते, पांढरे पडलेले, एकाखाली एक. डॉक्टरांनी विचारलं, "हे कसले?" सरूनं नवऱ्याकडे पाहिलं.

"चुलीपुढं बसते ना," रामकिसन म्हणाला. "ठिणग्या उडतात. सांगून ऐकत नाही."

"हे जुने आहेत. यांचा रोगाशी काही संबंध नाही," असं म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं तिची बाही खाली केली.

मग त्यांनी ताकदीची एक गोळी आणि पेलाभर पाणी तिच्यापुढे ठेवलं. तिला ती गिळता येईना, ओकारी आली. शेवटी तिनं पाणी ओतून टाकलं, गोळी रिकाम्या पेल्याच्या बुडाशी अंगठ्यानं दाबून चुरली आणि वर पाणी घालून पिऊन टाकली. "ल्हानपनापासनं गोळी गळ्याखाली उतरत नाय," ती ओशाळून म्हणाली. "इतकी नाजूक आहे बघा," म्हणत रामकिसन कौतुकानं हसला.

डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि दार लोटलं.

"मोकाशे, हा महारोग नाही. काही माणसांना एखादा पदार्थ सोसत नाही. तो पोटात गेला की कातडीवर डाग उठतो, आणि पुन्हा गेला की नेमका त्याच जागेवर उठतो. कातडी ती जागा विसरत नाही." ते जरा थांबले. पुढचं वाक्य त्यांना मनापासून आवडलं होतं. "तुमच्या घरात कुणीतरी तुमच्या बायकोच्या पोटात काहीतरी घालतंय."

२

त्याच दुपारी रामकिसन डॉक्टरांना घरी घेऊन गेला. मोकाशांचं घर खडकेश्वराला. पुढे ओसरी, मागे पडवी, आणि पडवीला लागून गोठा. म्हैस विकली होती आणि तिच्या जागी सून ठेवली होती. एक खाट, एक थाळी, एक पितळी पेला.

सासू भागूबाई ओसरीवर बसल्या होत्या. डॉक्टरांच्या त्या जुन्या रोगी, बद्धकोष्ठाच्या.

"डाक्टर, तुमी निस्ता कागद लिवून द्या," त्या सरळ म्हणाल्या. "निजामाच्या वक्ताला बरं हुतं, दुसरी करून आनायची, कोन इचारतंय. आता कायदा आडवा येतो. माझं एकुलतं एक लेकरू, त्याचा वंश काय गोठ्यात बुडवू?"

"तिला महारोग नाही, भागूबाई."

"नाय कसा? वैद्यबुवानं बघितल्या बघितल्या सांगितलं. अळणी द्या, बिनहळदीचं द्या, भांडं येगळं ठेवा. समदं पाळते मी."

"सुनेवर तुमचा राग दिसतो."

भागूबाईंना हे लागलं. "राग? पैल्या साली तिचं पोट साफ व्हईना, तर माझ्यातली गोळी दिली मी तिला, पोटच्या पोरीवानी. इचारा तिला. तुमच्याच त्या पांढऱ्या गोळ्या. हाय न्हवं, पडवीच्या कोनाड्यात हाय बाटली. हल्ली लवकर सरतात तेवढ्या. तुमी कमी भरता का काय?"

डॉक्टरांनी कमी भरत नसल्याचं गंभीरपणे सांगितलं आणि ते आत वळले.

३

आशाबाई ही रामकिसनची विधवा बहीण. स्वैपाकघर तिच्या ताब्यात होतं, आणि ते सोडून तिच्या ताब्यात जगात दुसरं काही नव्हतं. सरू लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातची भाकरी सगळ्यांना आवडली होती. त्याचा राग आशाबाईच्या प्रत्येक शब्दात होता.

"मी इख घालते म्हनता? घाला की आळ. रांडमुंड बाईवर कुनीबी घालावा," ती म्हणाली. "पर बघा, दूध एकाच पातेल्यातलं. तेच आई पिती, तेच मी पिते. तिनं पेला खाली ठिवायचा, लांब सरायचं, मी वरनं वतते. आई समूर बसून बघत असती, थेंब उडून माझ्या अंगावर आला तर मलाबी गोठ्यात घालायला. तिच्या पेल्याला घरातलं कुनी शिवत नाय. धुती बी तीच."

"डाग कधी उठतात?"

आशाबाईनं आवाज खाली केला. "त्येच तर. दादा कामावर असला की बाई धडधाकट. ट्रकवाल्याकडनं दादाचा निरोप आला, उंद्या येतो म्हनून, की हिचं अंग पेटलंच. पोटबी ढाळतं. मंग दादा तिच्याजवळ जात नाय, वसरीवर निजतो न सकाळी चालला जातो."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे नवराबायकोला एकत्र येऊ द्यायचं नाही, असं या घरात कुणालातरी वाटत होतं. सासूला फारकत हवी होती. नणंदेला चूल हवी होती. दोन बायका आणि दोन कारणं, आणि दोन्ही तोंडं सारखीच कडू. त्यांना मोठी मौज वाटली.

गोठ्यात सरू खाटेवर बसली होती. डॉक्टर आत आले तसा तिनं सवयीनं आपला पेला पायानं मागे सारला.

"घाबरू नकोस, पोरी. तुला महारोग नाही."

"नाय?" ती म्हणाली. "पक्कं?"

"अगदी पक्कं."

मग तिनं विचारलं, "डाक्टरसाहेब, महारोग्यांच्या आश्रमात बायाबायाच ऱ्हातात म्हनं. खरं हाय? हातमागावर काम देतात?"

"तिथं तुला कुणी पाठवणार नाही."

"न्हाईच पाठवनार?"

"मी आहे ना," डॉक्टरांनी धीर दिला. पोरीच्या मनात त्या जागेची किती धास्ती बसली आहे, हे पाहून त्यांना वाईट वाटलं. "माहेर कुठलं तुझं?"

"पिशोर. दोनदा गेले हुते पळून. बापानं परत आनून घातलं." तिनं पंजाच्या फोडावर पदर ओढला. "आता तिकडं जायाचं नाय."

आईबापाचा राग असेल, असं डॉक्टरांना वाटलं. ते निघाले तर मागच्या दारी भांडी घासणारी आवडाबाई हातातली राख झटकून उभी राहिली आणि त्यांना खुणेनं विहिरीकडे बोलावू लागली.

४

"मालकिनीला सांगू नगा, काम जाईल माझं," आवडाबाई म्हणाली. "परवा मी तिचा पेला शिवले."

"बरं मग?"

"ढाळ लागून पडली हुती बिचारी. पेला तसाच खरकटा. मला दया आली, म्हनलं घासून टाकावा. राख लावली, पानी घेतलं, आन बोटं लाल झाली. गुलाबी म्हना. बुडाला चुरा दाबून बसला हुता कसला, साखरंवानी, तो तर लालभडक झाला."

"तुला काय वाटलं?"

"वाटायचं काय? हळद. हळदीला राख लागली का ती लाल व्हतीच. दुधात घातली असंल."

खरंच, कुणालाही तेच वाटलं असतं. घरोघरी बायकांची बोटं अशी रंगतात आणि त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पण डॉक्टर जागच्या जागी थबकले. अळणी द्या, बिनहळदीचं द्या, भांडं वेगळं ठेवा. या पेल्यात महिनोन्‌महिने हळदीचा कण गेला नव्हता.

मग पांढऱ्या दुधाचा पेला राखेनं गुलाबी कशानं झाला?

ते ताडताड पडवीत गेले, कोनाड्यातली बाटली उघडली, एक गोळी तळहातावर चुरली. खिशातून पानाची डबी काढली आणि बोटभर ओला चुना त्या पांढऱ्या भुकटीत कालवला. त्यांचा तळहात गुलाबी झाला, लग्नातल्या अक्षतांसारखा.

"रामकिसन!" डॉक्टर पडवीतूनच ओरडले. "सगळ्यांना ओसरीवर बोलवा. तुमच्या बायकोलासुद्धा!"

५

सगळे जमले. भागूबाई खांबाला टेकून, आशाबाई दाराआड, आवडाबाई पायरीवर, रामकिसन सुपारी कातरत. सरू अंगणात उभी राहिली, कारण ओसरीवर यायची तिला बंदी होती. आपला पेला तिनं सोबत आणला होता. तो ठेवून कुठं जायची तिला भीती वाटत असे.

डॉक्टर या क्षणासाठीच जगत होते असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी गुलाबी तळहात सगळ्यांपुढे फिरवला.

"फिनॉल्फ्थॅलीन. जुलाबाचं औषध. भागूबाई, तुमच्या बाटलीतलं, माझ्याच दवाखान्यातलं. राख लागो, चुना लागो, हे गुलाबी होतं. शंभरात नव्व्याण्णवांना यानं पोट साफ होण्यापलीकडे काही होत नाही. सरूला होतं. तिच्या अंगावर यानंच डाग उठतात. पहिल्या वर्षी तुम्ही मायेनं दिलेल्या गोळीनं पहिल्यांदा उठले असतील. तेव्हा या घरात कुणाच्या तरी ते लक्षात आलं."

"देवाशपथ, मी पुन्हा दिली नाय!" भागूबाई किंचाळल्या.

"नाही दिली. तुम्ही तिच्या सावलीला उभ्या राहत नाही. आशाबाई, तुम्हीही नाही. दूध तुम्ही वरून ओतता आणि आई समोर बसून बघते. पातेल्यात घातलं असतं तर सगळ्या घराला ढाळ लागले असते." ते पुढे झाले. आवडाबाईचं नाव त्यांनी घेतलं नाही, एवढी सभ्यता त्यांच्याकडे होती. "शिवाय चुरा पेल्याच्या बुडाशी दाबलेला होता. म्हणजे दूध पडायच्या आधी कुणीतरी गोळी त्या पेल्यातच चुरली होती. ज्या पेल्याला या घरात कुणी बोट लावत नाही, त्या पेल्यात! मग बोट लावतं कोण? आणि गोळी गिळता येत नाही म्हणून पेल्याच्या बुडाशी अंगठ्यानं चुरायची सवय कुणाची आहे? मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे ती."

सगळ्यांनी अंगणाकडे पाहिलं.

सरूनं पेला पदराआड घेतला. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एक विनंती होती, अगदी उघड, आणि ती सोडून डॉक्टरांना त्या ओसरीवरचं सगळं दिसत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच खाल्ल्या."

"हट्टी मुली करतात असं," डॉक्टरांनी तिच्या वतीनं खुलासा केला. "नवरा सदा बाहेर. तो यायच्या वेळी आजारी पडलं की लाड होतील, असं वाटतं. दोष देऊ नका. मुद्दा एवढाच, की मुलगी ठणठणीत आहे. महारोग नाही, काही नाही. आजपासून तिला घरात घ्या."

भागूबाई रडू लागल्या. खोटं नाही, खरोखर आनंदानं रडू लागल्या. "माझी सून निरोगी हाय! आवडे, पानी तापव. हळद लाव पोरीला, डोक्यावरनं न्हाऊ घाल!" आशाबाई मुकाट्यानं आत गेली. आवडाबाई मात्र पायरीवरून उठली नाही.

डॉक्टरांनी बाटलीला बूच लावलं आणि ती कोटाच्या खिशात टाकली. "ही आता या घरात नको." सरूची नजर बाटलीबरोबर खिशापर्यंत गेली आणि तिथंच राहिली.

रामकिसननं सुपारी खाली ठेवली, विडी पेटवली आणि डॉक्टरांना फाटकापर्यंत पोचवायला आला.

"उपकार झाले साहेब," तो मऊ आवाजात म्हणाला. "मला वाटतच होतं काहीतरी नाटक आहे म्हणून. पण आपल्याला कुठलं शोधता येतंय. त्याला तुमच्यासारखं माणूस लागतं."

त्यानं झुरका घेतला. विडीचं टोक लाल झालं. बारीक, गोल.

डॉक्टर ते बघत राहिले. चुलीच्या ठिणग्या मनगटावर उडतात, तोंडावर उडतात. दंडाच्या आतल्या बाजूला, बाहीखाली, एकाखाली एक अशा त्या कशा पडतील? मागून एकेक गोष्ट येऊन आपापल्या जागी बसू लागली. नवऱ्याचा निरोप आला की उठणारे डाग. दोनदा पळून गेलेली मुलगी. बायाबायाच राहतात का, म्हणून विचारणं. तिला भीती आश्रमाची नव्हती. आश्रम न मिळण्याची होती.

सरूनं या अख्ख्या जगात स्वतःसाठी एक आडोसा शोधून काढला होता. अंग जाळणारा, माणसांतून उठवणारा, पण तिथं नवरा येत नव्हता. आणि तो डॉक्टरांनी आपल्या हुशारीनं चारचौघांत मोडून टाकला होता.

"काय झालं साहेब?" रामकिसननं हसून विचारलं.

आत्ता मागे फिरावं, असं डॉक्टरांना वाटलं. पण फिरून सांगायचं काय? आत्ताच सगळ्यांपुढे सिद्ध केलं ते खोटं आहे म्हणून? रामकिसन समोर उभा असताना? लोक काय म्हणतील? सकाळी येऊ, भागूबाईंना एकट्यानं गाठू, कागद हवा तर कागद देऊ, महारोग लिहून देऊ. सकाळी.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि टांग्यात बसले.

६

सकाळी ते गेले तेव्हा खिशात बाटली होती, आणि दुसऱ्या खिशात आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेला एक खोटा दाखला. अंगणात कुणी नव्हतं. गोठा झाडून काढला होता. खाटही उचललेली.

आवडाबाई विहिरीवर भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सरू कुठं आहे?"

"न्हेली. पहाटंच्या यष्टीनं, धरनावर, त्याच्या खोलीवर. बरी झाली, आता कसली अडचन, म्हनला." तिनं मूठभर राख घेतली. "रातच्याला हळद लावली मी तिला. समद्या अंगाला लावली. समदं बघितलं."

डॉक्टरांचा हात दाखल्याच्या खिशात गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला.

"तिथं शेजारपाजार नाय, डाक्टर. निस्तं पानी न दगडं."

तिनं घासलेला पितळी पेला पालथा घातला. तो सरूचा होता. राखेनं पिवळा लख्ख झाला होता, गुलाबीचा कुठं मागमूस नव्हता.

"सोबत नेला नाही तिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय. जाताना माझ्या हातात दिला," आवडाबाई म्हणाली. "म्हनली, मावशी, ठेव समद्यांच्या भांड्यात. आता ह्याला कुनीबी शिवलं तरी चालतंय."